मापाचं यंत्र

वडील गेले त्या दिवशी दुपारी कुरिअरवाला त्यांचं श्रवणयंत्र घेऊन आला. खोक्यावर त्यांचं नाव होतं. सही मी केली.

आदल्या हिवाळ्यात ते अमेरिकेत माझ्या बहिणीकडे राहून आले होते. तिथेच कान तपासला आणि यंत्र करायला टाकलं. ते तयार झाल्यावर बहिणीने चेन्नईला पाठवलं. माझी बँकेतली बदली इथे झाली म्हणून आईवडीलही इथे आले होते. दोघांना तमिळ येत नव्हतं. वडिलांशी बोलायला आई आणि मी, एवढेच. आणि आता आमचंही त्यांना ऐकू येईनासं झालं होतं.

नवी वस्तू मुहूर्ताशिवाय वापरायला काढायची नाही, हा त्यांचा नेम. यंत्र पाडव्यापर्यंत देवाजवळ राहिलं.

"तोवर मी घसा फोडत राहू का?" आईने विचारलं.

"काय?"

"काही नाही. सुखी आहात."

हे मात्र त्यांना कळलं. "पाडव्याला पहिलं तुझंच ऐकतो. मग सांग, कोण सुखी ते."

पाडव्याला गुढी उभारून झाल्यावर त्यांनी ते कानात घातलं. आई समोर बसली आणि किती दिवसांनी साध्या आवाजात म्हणाली, "कडुनिंब खाल्लात का?"

ते तिच्या ओठांकडे बघत राहिले. "नुसती शिट्टी वाजतेय," म्हणाले.

परत करण्याची मुदत देवाजवळच संपून गेली होती. वॉरंटी होती. आम्ही नुंगंबाक्कमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो.

"बाहेरची वॉरंटी इथे चालत नाही, सर," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "जिथे घेतलं तिथेच पाठवा."

"काय म्हणते?" वडिलांनी विचारलं.

मी त्यांच्या कानाशी ओरडलो. सगळं दुकान आमच्याकडे बघू लागलं. ते मान हलवून हसले. पुढे त्यांनी मला असं विचारणं कमी केलं.

सिरुसेरीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करणारा एक शेजारी कंपनीच्या कामाने अमेरिकेला निघाला होता. त्याच्या हाती यंत्र दिलं. बहीण तिथे दुरुस्तीसाठी यंत्रवाल्यांना फोनमागून फोन करत राहिली. इथे आई संध्याकाळी वडिलांजवळ बसायची, पण फारसं बोलायची नाही.

वडील गेले त्या दुपारी तिने खोकं पाहिलं. "ठेव तिकडे," म्हणाली.

पुढे कधीतरी मी ते उघडलं. यंत्र नीट चालतं. ते त्यांच्या कानाच्या मापाने घडवलेलं आहे, दुसऱ्या कुणाच्या कानात बसत नाही.