दहा वर्षं उशिरा छापलेला फोटो

आर्णीचा शब्बीर जन्माचा भित्रा. कुत्रं भुंकलं की हा सायकलवरून खाली. पण याच माणसाने गळ्यात कॅमेरा अडकवून माहूरपासून काश्मीरपर्यंत मुलूख पालथा घातला, आणि नागपूर, मुंबई, दिल्लीच्या मासिकांत त्याचे फोटो छापून आले. माझ्या सायकलच्या दुकानात बसून तो अंक उघडायचा, तेव्हा त्याच्यापेक्षा मीच जास्त फुगायचो.

१९६६ च्या दिवाळीला मुंबईच्या एका मासिकाने 'आजचं वऱ्हाड' म्हणून फोटो मागितले. शब्बीर तापाने फणफणलेला. घरबसल्या त्याने डब्यातला जुनाच फोटो पाठवून दिला. बोरी अरबच्या मथुराबाई देव्हाऱ्यापुढे हात जोडून बसलेल्या. फोटो छप्पनच्या उन्हाळ्यातला. त्याच दसऱ्याला मथुराबाईंनी नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेतली आणि परतल्यावर घरातले देव नदीत सोडले, हे या शहाण्याच्या ध्यानातच आलं नाही.

अंक बोरीला पोचला. मथुराबाईंच्या मुलीचं, सत्यभामेचं, लग्न ठरलेलं. मुलाकडचे म्हणाले, वरून बुद्ध आणि आत देव, असलं घर आम्हाला नको. रविवारी विहारात बैठक आहे, या, असा बोरीहून शब्बीरला निरोप आला.

एसटीत तो मला चिकटून बसला. "मन्सूर, मारतीन का बे मले?"

"मारतीन तं मारतीन! तिकडं पोरीचं लग्न मोडून राह्यलं, अन् तुले तुही पडली!" मी डाफरलो खरा, पण भीती मलाही वाटत होती.

विहारात साठ-सत्तर माणसं. शब्बीरने त्या वेळच्या रोलची न कापलेली निगेटिव्हची पट्टी बैठकीचे प्रमुख धर्मपालजींच्या हाती दिली. त्यांनी ती उजेडात धरली. एका चौकटीत देव्हारा, तर शेजारच्या चौकटीत सात-आठ वर्षांची सत्यभामा, पुढचे दोन दात पडलेली.

"आमचं समाधान झालं," धर्मपालजी म्हणाले. "पण पोराकडचे तं छापलेलंच मानतीन. त्या मासिकाले लिहून द्या, का फोटो जुना हाये, मी आत्ताचा म्हणून देल्ला."

शब्बीर पांढराफटक पडला. असं लिहून दिल्यावर कोणतं मासिक त्याला दारात उभं करणार? त्याने माझ्याकडे पाहिलं. मी हळूच मान हलवली, नको लिहू म्हणून. त्या मान हलवण्याची मला आजही लाज वाटते.

तेव्हा मथुराबाई पुढे आल्या. "शब्बीरभाऊ, देव सोडाले नदीवर गेलती तवा माहे बी पाय कापत होते. पिढ्यान्पिढ्याचे देव. कोपतीन, माही पोरगी मरन, असं वाटे. तरी सोडले. तुमाले एक चिठ्ठी लिहाले भेव लागते?"

शब्बीरने तिथेच फरशीवर कागद ठेवला. सांगितलं तसं लिहून खाली सही केली. चिठ्ठी मीच टपालात टाकली.

पुढच्या अंकात ती छापली गेली, आणि मुलाकडचे लग्नाला तयार झाले. त्यानंतर शब्बीरचा एकही फोटो कुठे आला नाही. सत्यभामेच्या लग्नाचे मात्र त्यानेच काढले. मथुराबाईंनी दुसऱ्या फोटोवाल्याला बोलावूच दिलं नाही.