रिकामा रांजण

असल्या प्रदर्शनांना एरवी मी नाकच मुरडतो. इथे नुसते रांजण मांडलेले. वाकून कान दिला की कुठे बेडूक, कुठे रातकिडे, कुठे ओढा ऐकू येई.

शेवटच्या रांजणापाशी माझ्या पुढच्या बाई म्हणाल्या, "अगं, ह्याचा आवाज गेलाय."

"हो, गेलाच आहे," रांजण मांडणारी मुलगी म्हणाली. "यात आमच्या गावचा पावशा हवा होता. मी रेकॉर्ड करायला गेले, तोवर तो यायचाच थांबला होता."

बाईंनी चष्मा काढून हातात धरला, रांजणात वाकल्या आणि पावशाच्याच सुरात ओरडल्या, "पेरते व्हा!"

रांजण घुमला.

पाखराच्या बोलीला आपण शब्द दिले होते. पाखरू गेलं, शब्द तेवढे आपल्याकडे राहिले.

बाई बाजूला झाल्या. कुणी बघत नाही ना, हे पाहून मीही वाकलो.