आतडी जागी होईपर्यंत

बोरीवलीच्या त्या छोट्या हॉस्पिटलात सासऱ्यांच्या खाटेशेजारी बसून मी सकाळपासून एकच प्रश्न ऐकत होते. नर्स यायची, सलाईन बघायची आणि विचारायची, "काका, गॅस पास झाला?" सासरे आधी माझ्याकडे बघायचे, मग छताकडे, आणि नकारार्थी मान हलवायचे.

लहान आतड्याला पीळ पडून एक तुकडा काळा पडला होता. तो कापून दोन टोकं शिवली होती. ऑपरेशननंतर आतडी काही काळ कामच थांबवतात, आणि ती जागी झाल्याची खूण म्हणजे वायू सरणं. तोवर नाकात नळी, आणि तोंडात पाण्याचा घोटसुद्धा नाही. सकाळच्या राउंडला डॉक्टर म्हणाले, "संध्याकाळपर्यंत वाट बघू. नाहीतर स्कॅन. जोडापाशी काही अडकलं असेल तर परत उघडावं लागेल."

परत उघडायचं? या वयात, त्यात बीपी. नवरा रात्री जागून ऑफिसला गेला होता. मी खुर्चीत बसत होते, उठत होते, पडदा सरकवत होते, परत बसत होते.

मी मालाडच्या शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी पचनसंस्थेचा तक्ता फळ्यावर टांगते: अन्ननलिका, जठर, लहान आतडं, मोठं आतडं. आतड्याच्या भिंती आकुंचन-प्रसरण पावून अन्न पुढे ढकलतात, हे वाक्य मुलांकडून इतकं घोकून घेतलंय की त्याचा अर्थ कधीच उडून गेला होता. आता ते ढकलणं सुरू झालंय की नाही यावर घरातल्या माणसाचा जीव अडकला होता. तक्त्यात वायूचा बाण कुठेच नाही. वर्गात कोणी मोठ्याने ढेकर दिला तरी मी डोळे वटारते.

फोन थांबत नव्हता. मुलुंडची नणंद सारखी विचारत होती, "झालं का गं?" शेजारीण म्हणाली, बेंबीला हिंग लाव. गावाहून चुलत दिरांनी देवाला नारळ बोलला. अख्खं खानदान एका पादण्याची वाट बघत होतं आणि तो शब्द कोणी तोंडातून काढत नव्हतं.

दुपारी वॉर्डबॉय स्कॅनला न्यायची व्हीलचेअर आधीच आणून दाराशी ठेवून गेला. नर्सने परत विचारलं. सासऱ्यांनी परत आधी माझ्याकडे बघितलं. मी वैतागले. माझ्याकडे काय बघताय, मला काय माहीत?

आणि मग एकदम लक्षात आलं. हा माणूस घरी माझी चाहूल लागली की शर्ट शोधतो. मी पॅसेजमध्ये असले तर संडासातून बाहेर येत नाही, कडी काढून आतच उभा राहतो. ढेकर आला तर ताट सोडून बाल्कनीत जातो. कोकणातून मुंबईत आल्यावर बाकीचं बरंच सुटलं, पण सुनेसमोरची ही मर्यादा त्यांनी एवढ्याशा घरातही सांभाळली होती.

मी नर्सला बाहेर गाठलं. "मी नसताना विचारा ना. प्लीज." लिफ्टपाशी जाऊन उभी राहिले. व्हिजिटिंग अवर्सची पाटी वाचत राहिले, डोक्यात काही शिरत नव्हतं. नर्स आली ती हसू दाबतच. "मॅडम, राउंडनंतर लगेच सुरू झालंय. चांगलं तीन-चारदा."

माझं डोकंच फिरलं. आत जाऊन म्हटलं, "बाबा, माझ्यासमोरच्या लाजेपायी पोट परत फाडून घेणार होतात?"

त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढली. "सुनेसमोर कसा सांगू गो?"

मला रडू आलं, आणि रडता रडता हसूही आवरेना. डॉक्टरांनी येऊन पोटाला स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकलं आणि व्हीलचेअर परत पाठवली. संध्याकाळी पाण्याचे दोन चमचे मिळाले. दुसऱ्या दिवशी नाकातली नळी निघाली, मग पेजेचं वरचं पाणी. चमचा मीच धरत होते आणि ते डोळे मिटून पीत होते.

टाके काढायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "काका, पोट साफ होतं?" मी झटकन उठले, पर्स घेतली आणि दाराकडे वळले.

"खंय चललंस? बस," सासरे म्हणाले.

मी बसले. मग त्यांनी किती वेळा, कसं, कुठल्या रंगाचं, आवाजासकट सगळं खणखणीत आवाजात सांगितलं, बाहेरच्या बाकावरच्या बायकांनाही ऐकू जाईल असं. मी आपली फरशीकडे बघत होते.