डाव्या हाताची निब

पेन ओलं होतं. माझं डोकं तिथंच फिरलं.

"कोणी वापरलेलं नाही म्हणालास ना?" मी विचारलं.

"नाय मावशी. एक अक्षर नाय लिवलेलं."

"मग हे काय आहे? तीर्थ?" मी बोट दाखवलं. बोटाला निळी शाई लागली होती.

दत्तानं वाकून बोटाकडं पाहिलं. हा मूळचा तळेघरचा, चाकणच्या कंपनीत सुपरवायझर. पस्तिशीचा, सरळ माणूस. पण सरळ चेहऱ्याची माणसं मी खूप पाहिली आहेत. पुण्यात एका पेनच्या दुकानात रिपेअरच्या काउंटरवर माझी एकतीस वर्षं गेली. रिटायर झाल्यावर अवसरी बुद्रुकला, सासरच्या गावी आले. खिडकीशी टेबल टाकलंय. तिथं भिंग, दिवा, वाडग्यात पाणी आणि मी. लोक महागडी पेनं घेऊन येतात आणि विचारतात, "याचे किती येतील?"

दत्ताच्या हातात जे होतं ते जर्मन पेन होतं. निब सोन्याची, अंगावर नंबर कोरलेला, मोजकीच काढलेली आवृत्ती. वाचणाऱ्यांना सांगून ठेवते, असल्या पेनात लाखाचा माल नसतो. निबेतलं सोनं काढून तोललं तर सोनार चहासुद्धा मागवणार नाही. किंमत असते ती नावाची, नंबराची आणि कोरेपणाची. डबीतून न निघालेलं पेन आणि वापरलेलं पेन यांत निम्म्याहून जास्त फरक पडतो. मुंबईच्या एका शौकीन गिऱ्हाइकानं दत्ताला मोठी रक्कम कबूल केली होती, पण अट एकच. कोरं असल्याचं माझ्या सहीचं पत्र हवं. रविवारी तो मंचरला येऊन पेन नेणार होता.

"पैशाचं काय करणार?" मी विचारलं.

"अण्णांच्या नावानं शाळेत वाचनालय. पुढल्या महिन्यात वर्षश्राद्ध हाय. गावात बोलून बसलोय मी."

अण्णा म्हणजे त्याचे वडील. सगळ्या डोंगराचे गुरुजी. नऊ वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले तेव्हा परदेशात गेलेल्या एका विद्यार्थ्यानं हे पेन पाठवलं. महिन्याभरातच त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आठ वर्षं माणूस खाटेवर पडून आढ्याकडं बघत होता. गेल्या भादव्यात वारले. पेन कपाटात कुलपात.

"म्हणजे गुरुजींनी हातात धरलं नाही?"

"धरनार कसं? उजवा हातच गेलेला."

मी भिंग लावलं. निबेच्या टोकाला एक बारीक मणी असतो, कठीण धातूचा. कागदावर घासतो तो हाच. माणूस जसा हात धरतो तसा हा मणी वर्षानुवर्षं झिजतो. चपलेची टाच झिजते ना, तसं. उजव्या हाताचा माणूस त्याला एका अंगानं झिजवतो, डावखुरा दुसऱ्या. या मण्यावर चांगली सपाट जागा पडली होती. किमान सात-आठ वर्षांचं रोजचं लिखाण. आणि हात डावा.

"दत्ता, घरात डावखुरं कोण?"

"कोनीच नाय."

"घरात राहतं कोण?"

"आई एकटी. तिला लिवता येत नाय, मावशी. बँकेत आंगठा उठवती."

मी पेन धुवायला घेतलं. वाडग्यात आधी निळी शाई उतरली. पाणी बदललं. मग आतल्या खाचांतून काळी उतरली. एका पेनात दोन रंगांच्या शाया घालणारं माणूस एकतर अडाणी असतं, नाहीतर ती दोन माणसं असतात. पेनातली शाई झाकण लावून ठेवली तरी महिन्या-दोन महिन्यांत सुकते. गुरुजींना जाऊन अकरा महिने झाले होते.

मला वाटलं पोरगा मला बनवतोय. पाणी स्वच्छ येईपर्यंत पेन धुतलं, फडक्यात रात्रभर उभं करून वाळवलं, सकाळी त्याच्या हातात दिलं.

"आता हे कोरडं ठणठणीत आहे. घरी नेऊन कुलपात ठेव. बिल शोध, डबीतला कागद शोध. मग बघू पत्राचं."

गिऱ्हाइकाचा रविवार अजून आठ दिवसांवर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी त्याचा फोन आला. आवाज बसलेला.

"मावशी, कपाट आत्ता उघडलं. पेन वलं हाय."

"नीट बघ."

"बोटाला शाई लागली. काल सांजच्याला मीच कुलूप घातलं. शेजारचे म्हनत्यात, गुरुजींचा जीव त्यात घुटमळतोय."

"जीव घुटमळो नाहीतर हिंडो, शाई कुठून आणतो?" मी ठसक्यात बोलले खरी, पण फोन ठेवल्यावर हात फडक्याला दोनदा पुसला.

सोमवारी गेले. घोडेगावच्या पुढं ढग रस्त्यावर उतरले. श्रावणात तळेघरला भर दुपारी जीपचे दिवे लावावे लागतात. दत्ता फाट्यावर छत्री घेऊन उभा होता. तिथून पुढं पायी. भाताची खाचरं नुसती ऐकू येत होती, दिसत नव्हती. बांधावरून आपल्यामागं कोणीतरी चालतंय असं मला सारखं वाटत होतं. दोनदा मागं वळले. दत्ता म्हणाला, "पानी वाजतंय, मावशी." तोही वळून बघत होता, हे मात्र तो बोलला नाही.

घर लहान, दोन खोल्यांचं, पत्र्याचं. दारात हौसाबाई उभ्या, दत्ताची आई. बारीक, काटक. डावा हात पदराखाली.

"या बाई. लई भिजला. च्या टाकते."

दत्तानं भिंतीतल्या देवळीतून किल्ली घेतली, कपाट उघडलं, डबी माझ्या हातात दिली. मी पेन उचललं आणि दुसऱ्या हातात घेऊन पुन्हा चाचपलं.

पेन गरम होतं.

त्या थंडीत डबी गार, कपाट गार, किल्ली गार. पेन मात्र माणसाच्या हातातून आत्ता सुटावं इतकं ऊबदार. झाकण काढलं तर निबेवर शाईचा थेंब. माझ्या एकतीस वर्षांत मी पेनाला घाबरले नव्हते. त्या दिवशी घाबरले.

"काय झालं?" दत्ता कुजबुजला.

"काही नाही. कागद दे."

घाबरल्यावर मी एकच करते, काम. म्हटलं ज्या हातानं ही निब झिजली तो हात कसा होता ते तरी बघू. पेन डाव्या हातात घेतलं. झिजलेली जागा कागदाला टेकली की निब लोण्यासारखी जाते, जरा तिरकी झाली की खरवडते. मी तिला हवं तसं जाऊ दिलं. माझं कोपर उचललं गेलं, मनगट आत वळलं, बोटं खाली दबली. असं कोणी लिहीत नाही. कोणीतरी वरून माझ्या हातावर हात ठेवल्यासारखं वाटत होतं. एक रेघ मारली, मग दुसरी. तिसरीला निब खरवडली.

"तसं नाय, बाई," दारातून आवाज आला. "वरचा हात सैल सोडायचा."

चहाचे कप घेऊन हौसाबाई उभ्या होत्या.

"कोणाचा वरचा हात?" मी विचारलं.

"त्यांचा."

हौसाबाईंनी कप खाली ठेवले. पदराखालचा डावा हात पहिल्यांदा बाहेर आला. पहिल्या बोटाच्या पेरावर निळा डाग, धुऊन न निघणारा. असा डाग माझ्याही बोटाला आहे. हा डाग अंगठेबहाद्दराला नसतो.

त्या आत गेल्या, तांदळाच्या कणगीत हात घातला आणि शाळेच्या वह्यांचा गठ्ठा काढला. त्यामागून शाईच्या दोन बाटल्या, एक निळी, एक काळी.

दत्तानं वरची वही उघडली आणि अक्षरांवरून बोट फिरवलं.

"हे अण्णांचं अक्षर हाय."

"त्यांचंच. मला दुसरं कुठलं येतंय?" हौसाबाई म्हणाल्या.

मग हळूहळू कळलं. गुरुजींनी सगळ्या डोंगराला सही शिकवली. प्रौढ साक्षरतेचे वर्ग घेतले, मानपत्र मिळवलं. वर्गाला चहा करायच्या हौसाबाई, आणि त्यांना चुलीपुढून उसंत नव्हती. घरचं माणूस तेवढं राहून गेलं. झटका आल्यावर गुरुजींचा डावा हात तेवढा हलायचा. एक दिवस त्यांनी खुणेनं पेन मागितलं, बायकोच्या डाव्या हातात दिलं आणि वर आपला डावा हात ठेवला. ‘अ’ काढला. आठ वर्षं रोज दुपारी हेच. त्यांची वाचा गेली होती, हिला लिहिता येत नव्हतं. दोघांनी मिळून एक हात केला.

"एकदा काळी भरायची, त्यांची. एकदा निळी, माझी," त्या म्हणाल्या. "भांडन नको."

"आई, मला का नाय सांगितलं?"

"तू इचारलंस कवा?"

दत्तानं वहीचं पान उलटलं.

"आन गुरुजींची बायको म्हातारपनी शिकली, असं गावाला कळलं असतं तर त्यांचं हसू झालं असतं रं. म्हनून बँकेत आंगठाच दिला मी. आजून देते."

मी वही ओढून घेतली. तारखा होत्या. गुरुजी गेले त्या तारखेनंतरही पानं भरलेली. ओळीखाली ओळ, सवाल आणि जबाब, सगळं एकाच वळणात.

*लावनी झाली. किती खाचरं? तीन. पाय दुखतो का? दुखतो. तेल लाव.*

"हे कोण लिहितं?" मी विचारलं. "हे 'तेल लाव'?"

हौसाबाई माझ्याकडं बघत राहिल्या, मला साधी गोष्ट कळत नाही म्हणून.

"मी माजं लिवते. मग हात सैल सोडते. मग ते लिवत्यात."

बाहेर ढग दारापर्यंत आला होता. मी शेवटचं पान उघडलं, त्या दिवसाचंच. शाई चकाकत होती. आम्ही बांधावर असताना लिहिलेलं.

*दत्ता पेन इकनार. मी बोलू कशानं?*

खाली पान कोरं.

"त्याला जबाब नाय आला आजून," हौसाबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

दत्ता ढसाढसा रडला. मलाही आवरेना, खोटं कशाला सांगू? चहा गार झाला तो तसाच प्यायलो.

मग मी मुंबईच्या गिऱ्हाइकाला तिथूनच फोन लावला. रेंजसाठी अंगणातल्या दगडावर उभं राहावं लागलं.

"साहेब, पेन कोरं नाही. आठ-नऊ वर्षं वापरलंय."

"अरेरे. कोणी?"

"दोघांनी."

"मग निम्म्यात देणार असतील तर विचारा. निब नवी बसवून घेता येईल."

मी दत्ताकडं बघितलं. त्यानं फोन माझ्या हातातून घेतला.

"नाय साहेब. पेन वापरात हाय."

निघताना मी हौसाबाईंना म्हटलं, निब थोडी घासून सरळ करून देते, हाताला ताण पडणार नाही. फुकट करते. त्यांनी पेन छातीशी धरलं.

"घासू नका, बाई. त्यांची जागा जाईल."

मी माझं भिंग पिशवीत टाकलं. एकतीस वर्षांत मी किती जणांच्या जागा घासून टाकल्या असतील कोण जाणे.

वाचनालयाचं एकच कपाट आलं, लोखंडी, दत्ताच्या बोनसमधून. वर्षश्राद्धाला मीही गेले होते. शाळेच्या वहीत पहिली सही हौसाबाईंनी केली, सगळ्यांसमोर, डाव्या हातानं. सहीचं वळण गुरुजींच्या जुन्या विद्यार्थ्यांनी लगेच ओळखलं. हसलं कोणीच नाही. एक जण चपला काढून बाजूला उभा राहिला.

दिवाळीनंतर भीमाशंकरच्या एसटीच्या कंडक्टरनं एक चिठ्ठी आणून दिली. वहीचं पान, चार घड्या.

*शाई संपली. निळी पाठवा.*

आणि त्याखाली, त्याच वळणात, जरा जोर देऊन:

*काळी पाठवा.*

मी दोन्ही पाठवल्या. गिऱ्हाइकांचा आपसात वाद असला की आपण मध्ये पडू नये.