घेत न्हाई बघ

आधीच सांगून टाकते, मी चोर आहे. पाकीटमार नाही हं. महादेवपुऱ्यात भाड्याचा फ्लॅट आहे, पगार बरा आहे. माझी चोरी वेगळ्या जातीची. बेंगळुरूतले निम्मे हौशी फोटोग्राफर तीच करतात, फक्त तोंडाने कबूल करत नाहीत. कॅमेऱ्याच्या दुकानात जायचं, दुकानदाराचा तासभर खायचा, त्याची लेन्स आपल्या कॅमेऱ्यावर चढवायची, आपलंच मेमरी कार्ड घालून साठ-सत्तर फोटो हाणायचे आणि ‘घरी विचारून सांगते हं’ म्हणून सटकायचं. मग ते फोटो लॅपटॉपवर शंभर टक्के मोठे करून बघायचे आणि पसंत पडली की तीच लेन्स ऑनलाइन सेलमध्ये मागवायची. घरी विचारायला माझ्या घरी आहे तरी कोण? एक मनीप्लांट.

ही विद्या मला वासुदेवने शिकवली. वासुदेव मूळचा पुण्याचा, नोकरीला इलेक्ट्रॉनिक सिटीत आणि आमच्या ‘कॅमेरा कट्टा’ नावाच्या मराठी ग्रुपचा स्वयंघोषित गुरू. तो म्हणाला, “शलाका, राजाजीनगरला जा. वसुमती कॅमेरा. म्हातारा मराठी बोलतो, आणि वाट्टेल तेवढं ट्राय करू देतो. अख्खा ग्रुप तिथेच जातो.”

“आणि घेतो कुठे?”

“वेडी आहेस का?” वासुदेव म्हणाला.

म्हातारा म्हणजे कल्लाप्पाअण्णा. मूळचे संकेश्वरचे. तरुणपणी एक कॅमेरा गळ्यात अडकवून बेंगळुरूला आले, पासपोर्टचे फोटो काढता काढता हे दुकान टाकलं आणि बायकोचं नाव त्याला दिलं. दुकान म्हणजे एक काउंटर, दोन काचेची कपाटं आणि दोन स्टुलं. एकावर अण्णा. दुसऱ्यावर, त्यांच्या डाव्या हाताला, खुद्द वसुमतीअक्का, मांडीवर परात घेऊन अवऱ्याच्या, म्हणजे आपल्या पावट्याच्या, शेंगा सोलत बसलेल्या. शेंगांचा मोसम नसला तर लसूण.

धंदा कसा करू नये हे शिकायचं असेल तर अण्णांकडे जावं. माझ्यासमोर एक गृहस्थ आले, हातभर लांबीची झूम लेन्स मागायला लागले. अण्णांनी विचारलं, कशाचे फोटो काढायचेत? गृहस्थ म्हणाले, घरी पाच महिन्यांची मुलगी आहे, तिचे. अण्णा म्हणाले, “मग ही तोफ कशाला ओ? पोरगी भिऊन रडंल की. हाय तीच लेन्स वापरा, खिडकीचा उजेड घ्या, बरं का?” गृहस्थ आनंदाने काहीही न घेता गेले. मला तर हसावं की कपाळ बडवावं कळेना. बापा, कोणी आपल्या पोटावर असा स्वतःच पाय देतं का?

मला हवी होती पंच्याऐंशी एमएमची लेन्स. माणसांचे चेहरे काढायला फोटोग्राफर हीच घेतात. चेहरा लख्ख येतो आणि मागचं सगळं लोण्यासारखं वितळतं. अण्णांनी खोकं फोडून ती माझ्या हातात दिली. अक्कांनी परातीतून मान वर काढली, मला चपलांपासून केसांपर्यंत एकदा नीट पाहिलं, मान डावीकडून अण्णांकडे कलती केली आणि पुटपुटल्या काहीतरी. अण्णा हसले, तेही काहीतरी पुटपुटले. मी कशाला लक्ष देते? मी फोटो काढण्यात गुंग. आता काउंटरच्या या बाजूला उभं राहून लेन्स तपासायची तर फोटो काढणार कोणाचे? समोर जे बसलेत त्यांचेच. चौसष्ट काढले.

घरी येऊन अक्कांची डावी पापणी मी शंभर टक्के मोठी करून बघितली. एकेक केस मोजून घ्यावा इतका लख्ख. लेन्स पास. त्याच संध्याकाळी ऑर्डर टाकली.

मग दीड वर्ष मी राजाजीनगरला फिरकले नाही. कोणत्या तोंडाने जाणार?

पण देव बघत असतो, आणि त्याला विनोद कळतो. परवाच्या शनिवारी माझ्या कॅमेऱ्याची बॅटरी फुगली आणि आतच अडकून बसली. रविवारी ऑफिसातल्या पवित्राच्या बाळाचं बारसं, फोटो मी काढणार असं मीच सगळ्यांना मोठ्या तोंडाने सांगितलेलं. ऑनलाइन बघितलं तर नवी बॅटरी मंगळवारी येणार. आणि अडकलेली कोण काढणार? कुरियरवाला? झक मारत मेट्रोत बसले.

दुकानात शिरले आणि थबकलेच. डावीकडचं स्टूल रिकामं. त्याच्या वर भिंतीवर फोटो, फोटोला चंदनाचा हार.

आणि तो फोटो! रागावू नका, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की बाईला पोलिसांनी पकडलं कशासाठी? आधार कार्डावरचा फोटो होता तो. तिकिटाएवढा, ताणून ताणून हातभर केलेला. डोळे बटाट्यासारखे, ओठ घट्ट मिटलेले, रंग राखेचा. उभी हयात कॅमेऱ्याच्या दुकानात बसलेली बाई, आणि मेल्यावर वाट्याला काय आलं, तर आधार केंद्रातला फोटो!

“कधी, अण्णा?” मी विचारलं.

“येत्या गुरुवारी वरीस होतंय,” अण्णा म्हणाले. “झोपेतच गेली. काय झालंय कॅमेऱ्याला? दाखव.”

मी कॅमेरा बॅगेतून काढून काउंटरवर ठेवला, आणि ठेवल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लेन्स! पंच्याऐंशीची ती लेन्स कॅमेऱ्यावरच चढवलेली. घाईत काढायची राहिली. अण्णांनी ती पाहिली. एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खिशातून मऊ फडकं काढून त्यांनी तिची काच पुसली, लेन्स अलगद उतरवून बाजूला ठेवली आणि चिमट्याने बॅटरीशी झटायला लागले. त्यांनी आईवरून शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं हो.

वीस मिनिटं ते त्या बॅटरीला चुचकारत होते. मला गप्प बसवेना. “अण्णा, अक्कांचा दुसरा फोटो नव्हता का?” मी बोलून बसले.

“न्हवता. लग्नाचा अल्बम पावसाच्या पाण्यात गेला.”

“पण इतके कॅमेरे तुमच्याकडे...”

“ते इकायचे. त्यानं फोटो काढला तर आतला आकडा वाढतोय, किती येळा दाबलाय त्याचा. मग गिऱ्हाईक म्हणतंय, जुना देताय काय? माझा सोताचा एक होता, तोबी कुणाला तरी आवडला म्हणून देऊन टाकला. ही म्हणायची, माझा एक काढा की ओ. मी म्हणायचो, काढू गं, कुठं पळालीयास?” चिमटा हातातच राहिला. “आणि एक सांगू पोरी, ह्यो फोटो लई वंगाळ हाय. रोज समोर. आता डोळे मिटले की ह्योच येतोय. खरी ती येईना झालीय. कशी दिसायची, म्हणून आठवायला बसतो, तर आधार कार्डच म्होरं येतंय.”

बॅटरी टक् करून बाहेर आली. त्यांनी नवी घातली, कॅमेरा चालू करून दाखवला, आणि मी छापील किंमत देऊन बाहेर पडले. बाहेर पडले म्हणजे पळाले. कारण माझ्या लॅपटॉपमध्ये त्यांच्या बायकोचे चौसष्ट फोटो होते. आणि ते द्यायचे म्हणजे कशासाठी काढले होते तेही सांगायचं.

घरी आले, फोल्डर उघडलं. ‘८५ टेस्ट’. त्या एका पापणीपलीकडे मी काही पाहिलंच नव्हतं त्यात. आता पाहिलं. अक्कांच्या नाकात चमकी होती. कपाळावर, कुंकवाच्या जरा वर, देवीचा एक वण होता. परातीवरून नजर उचलून माझ्याकडे अशा बघत होत्या, की मी पुन्हा शरमले. अहो, एक बाई समोर बसलेली, आणि मी तिचा फक्त केस तपासून आले! स्वतःचीच अशी चीड आली की त्या भरात मी कट्ट्यावर मेसेज टाकला.

“चोरांनो, वसुमती कॅमेऱ्यात जाऊन फुकट टेस्ट फोटो कोणी कोणी काढलेत? लाजू नका, सगळ्यांनीच काढलेत. म्हातारी वारली. म्हाताऱ्याकडे तिचा एक धड फोटो नाही. जिच्या नाकावर फोकस मारून तुम्ही लेन्सा पारखल्या, ती बाई ज्यात आहे ते सगळे फोटो मला रात्रीच्या आत पाठवा. जो पाठवणार नाही त्याच्या बायकोला मी त्याच्या लेन्सांच्या खऱ्या किमती कळवीन.”

तासाभराने वासुदेवचा एक फोटो आला. मग भार्गवीचे बारा. मग जी रांग लागली, ती लागलीच. कोणी अकरा वर्षांपूर्वीची जुनी हार्ड डिस्क उपसली, कोणी अमेरिकेतून पाठवले. तीनशेच्या वर फोटो. अक्का काळ्या केसांच्या, अक्का पांढऱ्या केसांच्या. अक्का शेंगा सोलताना, शिंकताना, पदराने घाम पुसताना. काहींत अर्ध्याच. काहींत नुसता कान, कारण त्या गाढवाला कान किती लख्ख येतो ते बघायचं होतं.

बुधवारी लॅपटॉप घेऊन दुकानात गेले. मनात मोठं भाषण पाठ केलं होतं. “अण्णा, मी ती लेन्स ऑनलाइन घेतली. तुमच्याकडे तपासून. आम्ही सगळ्यांनीच तसंच केलंय. पण हे बघा,” एवढंच म्हणाले आणि लॅपटॉप त्यांच्यासमोर वळवला.

अण्णा बघायला लागले. पहिले पाच-सहा फोटो एकेक करून पुढे सरकवले. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आणि एकाएकी हसायलाच लागले. मला वाटलं, गेला म्हातारा कामातून.

“तोंड बघ तिचं,” ते म्हणाले. “सगळ्या फोटूत बघ.”

मी बघितलं. खरंच की! निम्म्याहून जास्त फोटोंत तेच. मान अण्णांकडे कललेली, ओठ जरासे उघडे, डोळे मात्र समोरच्यावर. वर्ष कोणतंही, साडी कोणतीही, गिऱ्हाईक कोणतंही, तोंड तेच.

“काय म्हणतायत त्या?”

“‘घेत न्हाई बघ.’” अण्णांनी तिच्यासारखीच मान कलती केली. “गिऱ्हाईक दारात आलं, की चपला बघून सांगायची. ह्यो घेत न्हाई बघ. ही घेत न्हाई बघ. मी म्हणायचो, यील की परत. ती म्हणायची, कुठलं यायला! जल्मभर आमचं ह्येच भांडण.”

“आणि कधी चुकायच्या का त्या?”

“तुमच्यातल्या कुणी घेतलं?”

मी मान खाली घातली. अण्णा मात्र फोटो पुढे सरकवतच होते, हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी चाललेलं. पुसतही नव्हते. “हीच,” ते म्हणत होते. “हीच की गं ती. आली बघ.” मीही रडले. दुकानात एक बाई फोटो छापून घ्यायला येऊन उभी होती, तीही उगाचच रडली.

डोळे पुसून मी म्हणाले, “अण्णा, आमचा राग नाही आला कधी?”

“यायचा की. माणूसच हाय मी,” अण्णा म्हणाले. “पर आता ह्ये बघ. ज्यांनी माल घेतला, ते चांगले. खोकं उचललं, पैसे दिले, सरळ घरला गेले. त्यातल्या एकानं बी हिचा फोटू काढला न्हाई.”

त्यांनी निवडलेला फोटो नेमका माझा निघाला. तोंड उघडं असलेला, म्हणजे ‘ही घेत न्हाई बघ’ मलाच उद्देशून. मी म्हटलं, अण्णा, जरा हसरा घ्या की दुसरा, चारचौघांत बरा दिसेल. म्हणाले, गप्प बस. सवयीने मी फोन काढला, कारण फ्रेम ऑनलाइन निम्म्या किमतीत मिळते. अण्णांनी नुसतं पाहिलं. मी फोन पर्समध्ये ठेवला. आमच्या जातीची खोड जायची नाही. दुकानातल्याच मशीनवर त्यांनी फोटो छापला, शेजारच्या गल्लीतल्या फ्रेमवाल्याकडे स्वतः घेऊन गेले.

गुरुवारी वर्षश्राद्धाला मी एकटीच जाणार होते. पण कट्ट्यावर कळवलं तेव्हा ‘वेळ मिळाला तर बघतो’ म्हणणारा वासुदेव इलेक्ट्रॉनिक सिटीहून दोन तास ट्रॅफिक खात आला. भार्गवी आली. मग एकेक करत कट्ट्यावरचे सतरा जण आले, सगळे चपला अंमळ लांबच काढून, चोरासारखे. दुकानाच्या मागेच अण्णांचं घर. खपली गव्हाची खीर होती, वडे होते. संकेश्वरहून आलेली अक्कांची बहीण तानूबाई सगळ्यांना विचारत होती, तुम्ही कोण? आम्ही एकमेकांकडे बोट दाखवत होतो. शेवटी अण्णाच म्हणाले, “आपली गिऱ्हाइकं हायती.”

पंगत बसायच्या आधी फोटोला हार घालायचा होता. अण्णा नव्या फोटोसमोर जाऊन उभे राहिले. अक्का वरून आम्हा सतरा जणांच्या पायांकडे बघत होत्या, तोंड उघडं, तेच म्हणत. अण्णांनी हार घातला, तो सारखा केला आणि हळू आवाजात, पण आम्हाला सगळ्यांना ऐकू जाईल असं तिला म्हणाले, “बघ. आले की सगळे परत.”