वडूजच्या वाटेवरचं ॲव्हरेज

आमच्या भागात माणूस नवी गाडी घेऊन लग्नाला गेला, की मांडवात दोनच प्रश्न होतात. कितीला पडली, आणि ॲव्हरेज काय देते. पहिल्याचं उत्तर लोक थोडं कमी करून सांगतात आणि दुसऱ्याचं थोडं वाढवून. आमचे हे, म्हणजे माझा नवरा, दुसऱ्याच्या बाबतीत फारच सढळ. गाडी घेतली तेव्हा ती चौदा द्यायची. पुढच्या लग्नसराईत सोळा द्यायला लागली. परवा एका जावळाच्या जेवणात ह्यांनी अठरा सांगितली, तेव्हा मी शेजारच्या पंगतीत आमटी वाढत होते, पळी हातातच राहिली. गाडी जुनी होईल तसं ॲव्हरेज वाढतं, हे मी फक्त आमच्याच घरात पाहिलं.

गाडी दांडगी. उंच, रुंद, डिझेलची, पुढं लोखंडी गार्ड, टपावर कॅरियर. घरात माणसं दोन. हे फौजेतून सुभेदार होऊन आले, कृष्णाकाठचा ऊस बघायला लागले, आणि ऊस बघायला एवढी गाडी लागतेच असं ह्यांचं म्हणणं. मळा घरापासून हाकेच्या अंतरावर. सकाळी गार इंजिन चालू करायचं, ते गरम व्हायच्या आत मळ्यात बंद करायचं, चहाला परत यायचं, पुन्हा जायचं. बांधावर कोणी भेटलं की गाडी चालूच ठेवून अर्धा तास राजकारण. एवढं सोसून ती बारा द्यायची, तेसुद्धा स्वतःच्या चांगुलपणानं. आणि बारा का देते, याचा ठपका माझ्यावर.

माझं काय, तर पन्नाशी ओलांडल्यावर मी कराडला क्लास लावून गाडी शिकले. हौस म्हणून नाही. माझी आई वडूजला एकटी राहते, ऐंशीच्या घरात आहे. भाऊ नोकरीमुळं लांब, आणि ती गाव सोडायला तयार नाही. आमच्याकडून वडूजला जायचं म्हणजे एसटी बदलत दिवस मोडायचा. ह्यांना म्हटलं की हे म्हणायचे, पुढच्या आठवड्यात जाऊ. ह्यांचा पुढचा आठवडा दिवाळीला यायचा. मग मीच शिकले, आणि एकदा एकटी गाडी घेऊन आईच्या दारात उभी राहिले. आईनं आधी गाडीला हळदकुंकू लावलं, मग माझ्याकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी गाडीतला स्क्रीन चालू करून ॲव्हरेजचा आकडा बघितला आणि म्हणाले, “तुझ्या हातात गाडी पितीया.”

“माझ्या हातात पिती, आन् तुमच्या हातात काय उपास करती?” मी विचारलं.

पण त्या दिवसापासून चावी ह्यांच्या खिशात गेली. आईकडं जायचं म्हटलं की ॲव्हरेज आडवं यायचं. रागानं माझं डोकं भणभणायचं. महिना गेला, दोन गेले. आईचा फोन यायचा, ती कधी ये म्हणायची नाही, फक्त तिकडचं ऊन सांगायची. शेवटी एका दुपारी मी जेवणाचं ताट बाजूला सारलं.

“आवं, लावा पैज. टाकी गळ्यापर्यंत भरायची, वडूजला जाऊन यायचं, त्याच पंपावर परत गळ्यापर्यंत भरायची. एकदा तुमी, एकदा मी. ज्याचं ॲव्हरेज जास्त, त्याच्याकडं चावी.”

“आन् हरलीस तर?”

“तर परत मागायची न्हाई. तुमाला सवड होईल तवा जाऊ.”

बोलून तर गेले. ह्यांना सवड कधी होते ते मला माहीत होतं, आणि आईकडं तेवढा वेळ आहे का ते माहीत नव्हतं.

ह्यांनी लगेच मोहीम आखली. आधी गाडी रिकामी केली. त्यातून खताच्या पिशव्या, दोन कोयते, ठिबकच्या नळीचं वेटोळं आणि घराच्या बांधकामापासून राहिलेलं अर्धं सिमेंटचं पोतं निघालं, तेही दगड झालेलं. एवढं ओझं रोज मळ्यापर्यंत फिरत होतं, आणि पिणारी मी. मग टपावरचा कॅरियर खोलला, चाकांत हवा भरली, आणि नाश्ता करून वजन वाढायला नको म्हणून हे नुसत्या चहावर निघायचं म्हणाले. एसी लावणार नाही, असंही सांगितलं. काचा उघड्या टाकून पळवलं की वारा गाडीला मागं ओढतो, हे मी बोलले नाही. मी कशाला बोलू?

ह्यांची चालवण्याची रीत मला ठाऊक होती. कारखान्यांचा हंगाम संपत आला होता, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या अजून चालू होत्या. पुढं ट्रॉली दिसली की ह्यांच्या अंगात पलटण येते. दाबायचा पाय, मारायची उडी, पुढं दुसरी ट्रॉली की करकचून ब्रेक. तेवढ्यावरच मी जिंकले असते, पण एवढ्यावर भरवसा ठेवायची माझी तयारी नव्हती. हे आंघोळीला गेले आणि मी आईला फोन लावला.

“आई, जावई येणार हाय. रिकामं लावू नको.”

“कवा लावलंय? काय देऊ?”

“मावंल तेवढं.”

आई म्हणाली, “काय भानगड हाय ती नीट सांग.” मी पैज सांगितली, भरल्या गाडीला डिझेल जास्त लागतं हेही सांगितलं. तिनं एकच विचारलं, “म्हंजे तू जिकलीस की चावी तुझ्याकडं?”

“व्हय.”

“मग बघते मी,” ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

आमच्याकडं जावयाला रिकाम्या हातानं लावून देत नाहीत, आणि जावयानं सासूला नको म्हणायचं नसतं. हे फौजेत भल्याभल्या साहेबांना तोंडावर उत्तर द्यायचे, निदान ह्यांचं तरी तसं म्हणणं आहे. पण सासूला मामी म्हणतात आणि मामीपुढं चहाची बशी खाली ठेवतानासुद्धा आवाज करत नाहीत.

संध्याकाळी गाडी अंगणात आली ती मागून बसलेली आणि पुढून नाक वर केलेली. हे उतरले, पाण्याचा तांब्या रिकामा केला आणि पायरीवर बसले. मी मागचं दार उघडलं. मागची सीट पाडून पोत्यावर पोतं रचलेलं. शाळू, बाजरी, वर बटाटं, फटींत भोपळे. मी पदर तोंडाला लावून आत जाऊन हसून आले.

“येवढं कशाला घेतलं?”

“मामी भरतच हुत्या. मी नुसता दार धरून उभा.” मग बूट काढत, “त्याच्या आदी औंधाला जाऊन आलो.”

“औंधाला?”

“भावकीतल्या चार म्हाताऱ्या यमाईला जायच्या ऱ्हायल्या हुत्या म्हनं. जावई गाडी घेऊन आलाय तर, म्हनल्या मामी. डोंगर चढवला पहिल्या गेरात. दोघी वर गेल्या, दोघींचं गुडघं दुखत हुतं, त्या गाडीतच बसल्या. त्यास्नी उकडतंय म्हणून एसी लावून गाडी चालू ठिवली. वर गेलेल्या लवकर खाली येत्यात व्हय?”

औंध मी सांगितलं नव्हतं. ते आईचं स्वतःचं डोकं. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी ह्यांना दुसरा चहा न मागता दिला. पंपावर टाकी भरून हिशोब केला तर अकरासुद्धा धड भरेना. हे म्हणाले, आज धरायचं न्हाई, लोड हुता. मी म्हटलं, लोड न्यायचा न्हाई असं कुठं ठरलं हुतं? पोती आम्ही सोप्यात उतरवली, भिंतीला चांगली थप्पी लागली. मी तिच्याकडं बघून पुन्हा हसले. तेव्हा माझ्या डोक्यात फक्त चावी होती.

दोन दिवसांनी माझी पाळी आली. सकाळच्या गारव्यात निघाले. ट्रॉली पुढं आली की तिच्या मागं निवांत राहायचं, रस्ता मोकळा दिसला की पुढं. पाय हलका, वरचा गिअर, लांबवर नजर, ब्रेकला शक्यतो हात नाही म्हणजे पाय नाही. पुसेसावळीला चहाला थांबायचा मोह झाला, थांबले नाही. वडूजला पोचले तर आई दारातच बसलेली.

जेवलो, बोललो. निघायच्या वेळी तिनं ओटी भरली. नारळ आणि मूठभर तांदूळ. बस्स. मी उगीच इकडंतिकडं बघितलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, माहेराहून मी कधी अशी निघाले नव्हते. काहीच नसलं तर ती पावशेर शेंगा तरी बांधायची. मी आत जाऊन पत्र्याच्या कोठीचं झाकण उचललं. तळाला वाळलेला कडुलिंबाचा पाला आणि चिमूटभर शाळू. जमीन वाट्यानं दिलेली, वर्षाचा वाटा नुकताच आलेला, तो सगळा माझ्या सोप्यात भिंतीला लावलेला.

“आई, अगं सगळं दिलंस?”

“मावंल तेवढं म्हणालीस. मावलं त्येंच्या गाडीत.”

“आन् तू काय खाणार?”

“आधी पोच घरला,” ती म्हणाली. “पैज हाय न्हवं?”

मी निघाले. गाडी पिसासारखी चालली होती, उतारावर नुसता पाय टेकला तरी पळायची, आणि मी रडत होते. मागं काही वाजत नव्हतं. एरवी माहेराहून येताना डब्यांचा, भांड्यांचा, बटाट्यांचा खडखडाट साथीला असतो. त्या दिवशी एकटा नारळ ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत घरंगळत होता.

पंपावर भरलं, साडेसोळा निघाले. त्या गाडीनं तसं ॲव्हरेज त्याआधी कधी दिलं नव्हतं. हे घरी वाट बघतच होते. आकडा ऐकला, मान हलवली, आणि सवयीनं मागचं दार उघडलं.

“काय दिलं न्हाई मामींनी? रागावल्यात का?”

मी काय झालं ते सांगितलं. फोनचंही सांगितलं. वाटलं, आता आभाळ कोसळणार. ह्यांनी सोप्यात जाऊन थप्पीतली पोती मोजली. मग खिशातली चावी काढून स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, “येड्या दोघी.” दुसऱ्या सकाळी मी उठायच्या आत ह्यांनी शाळूची पोती गाडीत भरली होती.

गाडी मी चालवली. हे शेजारी बसले, प्रत्येक ट्रॉलीला नसलेल्या ब्रेकवर उजवा पाय दाबत. वडूजला हे एक पोतं पाठीवर घेऊन दारात गेले, तर आई उंबऱ्यात आडवी.

“जावईबापू, ते मागारी न्या. दिलेलं मी घेत न्हाई.”

“आवं मामी, मग खाणार काय तुमी?”

“पीठ खाईन.”

पोतं पाठीवर तसंच ठेवून हे माझ्याकडं बघायला लागले. आई शांतपणे म्हणाली, “मला आता गिरणीपातूर चालवत न्हाई. तिकडं दळा आन् डबाभर आणून द्या. संपलं की फोन करीन. गाडी तर आता हिच्याकडंच हाय.”

ती कोठी रिकामी करताना तिनं सगळा विचार करून ठेवला होता, हे मला तिथं, उन्हात उभं असताना समजलं. पैज आम्ही दोघं खेळलो, चावी मी जिंकले असं समजत होते. हे पोतं उतरवून गाडीला टेकले आणि एवढंच म्हणाले, “फौजेत असत्या तर कठीण हुतं.”

तेव्हापासून मी वडूजला पीठ नेते. पोती इकडून तिकडं, तिकडून इकडं झाली त्यात किती डिझेल गेलं ते कोणी विचारू नये. ह्यांनी लग्नात आकडा सांगणं बंद केलंय. कोणी विचारलंच तर म्हणतात, घरात विचारा.

पहिला डबा पंधरा दिवस गेला. दुसरा दहा. तिसऱ्याला सातव्या दिवशीच फोन आला, पीठ संपलं. एकटी बाई, दोन वेळची एकेक भाकरी, तीही अर्धी टाकणारी. मला वाटलं, कोणी पाहुणा येऊन राहिला असेल. त्या दिवशी फोन न करता लवकर निघाले. गाडी रस्त्यालाच लावली आणि बोळातून चालत गेले. आई शेजारच्या गोठ्यापाशी उभी होती. म्हशीपुढं घमेलं, घमेल्यात पाणी, आणि ती काखेतल्या डब्यातून ओंजळीनं माझं पीठ त्यात कालवत होती. “खा बाय, लवकर खा,” म्हशीला म्हणत होती, “उद्या-परवा येतीया ती.”

मी पाऊल न वाजवता मागं फिरले. गाडीत बसले, वळसा घालून हॉर्न वाजवत दारात गेले. आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, बघ की, कसं संपलं ते कळलंच न्हाई.

पुढच्या खेपेला मी लहान डबा नेला, म्हशीशिवाय आठवड्यात संपेल असा.