हौसाआजींना विचारलं तेव्हा

निगडीतल्या एका वृद्धाश्रमात मी परिचारिका आहे. रोज विठ्ठलापुढे दिवा लावूनच कामाला निघते. पण त्या दिवसांत हात जोडले तरी मन थाऱ्यावर नसायचं. आमच्या आश्रमात राहणाऱ्या, चाकणजवळच्या गावातल्या हौसाआजींचं हृदय थकत चाललं होतं. शेवटी त्यांना काय हवं, काय नको, हे त्या शुद्धीवर आहेत तोवर बोलून घ्या, असं डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. त्यांचा मुलगा दत्ता मात्र बजावून गेला होता, "आईपाशी मरणाचा विषय काढायचा नाही, सिस्टर. वेळ आली की मोठ्या हॉस्पिटलात नेऊ, व्हेंटिलेटर लावू." कुणाचं ऐकावं? आणि जित्याजागत्या माणसाला असं विचारणारी मी तरी कोण?

सुट्टीच्या दिवशी देहूला गेले. दर्शन झालं, तरी घालमेल थांबेना. इंद्रायणीच्या घाटावर एक म्हातारी पायऱ्यांवर अडखळताना दिसली. मी धावत जाऊन तिचा दंड धरला आणि तिला वर आणू लागले.

"अगं बाई, मला खाली जायाचंय," ती हसून म्हणाली. "आधी इचार तरी!"

मी तिला पाण्यापर्यंत नेलं. तिनं ओले हात माझ्या डोक्यावर ठेवले आणि बायकांच्या घोळक्यात निघून गेली. ती कोण, मला ठाऊक नाही. माझ्या मनातली गाठ मात्र सुटली होती.

दुसऱ्या दिवशी आजींची वेणी घालता घालता मी विचारलं, "आजी, पुढं तब्येत फारच बिघडली, तर तुम्हाला कसं हवं?"

वाटलं, रडतील. त्या म्हणाल्या, "बरं झालं इचारलंस. दत्ता रडंल म्हणून मी गप व्हते. मला मशिनीवर ठिऊ नगा. दुखलं तर औषध द्या. हितंच, माझ्या खाटंवर, लेकाचा हात हातात असावा. बास."

कारखान्यातली पहिली शिफ्ट संपवून दत्ता आला. आईचं ऐकून तो हबकलाच. "लोक म्हणतील, पोरानं आईला टाकलं."

"लोकान्ला मी सांगते की! अजून जित्ती हाय मी."

तो रडता रडता हसला. डॉक्टरांनी त्याला नीट समजावलं, की उपचार थांबणार नाहीत. वेदना आणि धाप कमी करण्याची औषधं शेवटपर्यंत चालू राहतील. मग त्यानं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं.

दिवाळीनंतर आजी गेल्या. भर दुपारी, आपल्याच खाटेवर, लेकाचा हात धरून. औषधानं श्वास शांत झाला होता. दत्ता एवढंच म्हणाला, "तिच्या मनासारखं झालं, सिस्टर."

शरण जाणं म्हणजे देवावर भार टाकून गप्प बसणं, असं मला वाटायचं. आता कळतं, आपल्या वाटणीचं बोलून, ऐकून, करून झालं की मगच हात जोडावेत. ते आपोआप हलके होतात. एवढं उमजलं, ही विठ्ठलाचीच कृपा.

आजी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारच्या खोलीतले काका काठी टेकत माझ्यापाशी आले.

"सिस्टर, माझंही ऐकून घ्या. पण आधी चहा."

मी दोन कप मागवले आणि खुर्ची पुढे ओढली.